काकांनी न केलेला आवाज

पनवेलमध्ये असा एकही माणूस नसेल ज्याने आमच्या काकांचा आवाज ऐकलेला नाही, आणि तो आवाज काकांचा आहे हे माहीत असलेली माणसं आमच्या आळीबाहेर दहासुद्धा नसतील. हे मी थोडं फुगवून सांगत असेन, पण फार नाही. सकाळी नऊच्या सुमाराला लसूणवाल्याची हातगाडी आळीत शिरते तेव्हा गाडीवरच्या भोंग्यातून जुन्या सिनेमातला एक नामांकित खलनायक दातांवर दात ठेवून गावठी लसूण विकत असतो. 'घरात लसूण आहे ना?' एवढंच तो विचारतो, पण अशा थंडपणे विचारतो की नसेल तर आपलं काही खरं नाही असं वाटतं. त्याच्यामागून भंगारवाल्याचा टेम्पो येतो. त्यात एक दुःखी नायक, ज्याचं सगळं आयुष्य विरहात गेलं, तुमचा मोडका कूलर आणि जुनी बादली मागत असतो. त्या आवाजातलं कारुण्य ऐकून समोरच्या घरातल्या काकूंनी एकदा चालू मिक्सर देऊन टाकला होता. दुपारी फिनेलवाला सायकलवरून येतो आणि पांढऱ्या साडीतली, आयुष्यभर शिवणकाम करून मुलाला वाढवलेली सिनेमातली आई खोकत खोकत सांगते, 'बाळा, फरशी पूस.' खलनायक, नायक आणि आई, तिघंही आमचे काका.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. उरणजवळच्या आमच्या गावातून मी कॉलेजसाठी पनवेलला आले आणि त्यांच्याकडे राहायला लागले, त्याला आता तिसरं वर्ष आहे. बाबा द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात कामाला आहेत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे जवळच्या माणसाबद्दल कसं लिहायचं, किती हसायचं आणि कुठे थांबायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं. काका एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, पण हे ते कोणाला सांगत नाहीत. 'मी आर्टिस्ट,' असं सांगतात आणि कारखान्यातली सत्तावीस वर्षं 'मधल्या काळात' एवढ्या दोन शब्दांत उरकतात. त्या मधल्या काळाच्या आधी ते ऑर्केस्ट्रात मिमिक्री करायचे. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका पाणी पिते, ढोलकीवाला ढोलकी ठोकून बघतो, तेवढ्या वेळात लोक उठून जाऊ नयेत म्हणून एक माणूस माइकसमोर येतो आणि नटनट्यांचे आवाज काढतो. तो माणूस म्हणजे काका. 'गाणी ऐकायला लोक यायचे,' ते म्हणतात, 'पण थांबायचे माझ्यामुळे.' मावशी म्हणते, लोक जेवणासाठी थांबायचे.

आता हा भोंग्यांचा उद्योग. फेरीवाल्यांना सारखं ओरडावं लागू नये म्हणून त्यांनी रेकॉर्ड केलेल्या हाका वाजवायला सुरुवात केली आणि काकांना म्हातारपणी पुन्हा श्रोते मिळाले. मागच्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन ते मोबाइलवर रेकॉर्ड करतात. गोधडीमुळे आवाज घुमत नाही, आणि मावशी 'जेवायला या' म्हणाली तर तेही रेकॉर्ड होत नाही. एकदा झालं होतं. काही दिवस कांदेवाल्याच्या गाडीतून एका राजबिंड्या नायकाने कांद्याची थोरवी सांगितली की पाठोपाठ मावशी 'भात थंड होतोय' म्हणायची. त्या दिवसांत आपली विक्री वाढली होती, असं कांदेवाला शपथेवर सांगतो. पण या उद्योगाचा काकांना तोटाही झाला आहे. लसणाच्या भावावरून ते एकदा घासाघीस करायला लागले तेव्हा लसूणवाल्याने भोंगा त्यांच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं. 'भाव एकच,' खलनायक म्हणाला, 'वाद नको.' काकांनी मुकाट्याने लसूण घेतला. घरी येऊन म्हणाले, 'मी फारच चांगला केलाय तो.'

काकांच्या कलेचे दोन नियम आहेत. पहिला, सिनेमातला संवाद कधीच म्हणायचा नाही. 'संवाद पोपटसुद्धा पाठ करतो. मी त्या नटाला भाजी आणायला पाठवतो. तो भाजी कशी आणेल, ते ज्याला कळलं त्याला नक्कल कळली.' म्हणून त्यांचा खलनायक गॅस सिलिंडरचा नंबर लावतो आणि दुःखी नायक पायातला काटा काढतो. दुसरा नियम याहून कडक. नटाचं नाव कधी सांगायचं नाही. नाव सांगावं लागलं तर ती नक्कल नाही, ओळखपरेड झाली, असं त्यांचं मत आहे. म्हणून मीही इथे कोणाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मला घरात चहा मिळणार नाही. या नियमामुळे अलीकडे त्यांचे हाल होतात, कारण आळीतल्या मुलांना ते जुने नट माहीतच नाहीत. शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीसमोर त्यांनी एका भारदस्त, खर्जातल्या नटाची नक्कल केली आणि ओळख म्हणाले. तिने खूप विचार करून सांगितलं, 'बेडूक.' त्या दिवशी काका जेवले नाहीत.

आवाज गळ्यात नसून हनुवटीत असतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यामुळे कोणीही बोलायला लागलं की ते त्याच्या हनुवटीकडे टक लावून बघतात. बँकेत, लग्नात, दवाखान्यात, कुठेही. एका गृहस्थाने तर 'काही लागलंय का?' म्हणून दहा वेळा हनुवटी पुसली होती. हनुवटीत असलेला हा आवाज सांभाळण्यासाठी मात्र ते गळ्याला मफलर गुंडाळतात, मे महिन्यातसुद्धा, आणि पनवेलचा मे महिना काय असतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. दही खात नाहीत, बर्फ बघत नाहीत, आणि सकाळी मीठ-हळदीच्या गुळण्या इतक्या वेळ करतात की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपण नदीकाठी आलो आहोत असं वाटतं.

मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात माझीही नक्कल झाली. मी गावात 'आमी' आणि 'नाय' बोलणारी मुलगी. कॉलेजात आल्यावर वर्गातल्या मुलींसारखं बोलायचा प्रयत्न करायचे, वाक्यागणिक एखादा इंग्रजी शब्द घालायचे, आणि घरी फोन आला की पुन्हा गावची व्हायचे. काकांनी ते चार दिवस गपचूप ऐकलं. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्या दोन्ही आवाजांचं एकमेकींशी भांडण लावून दिलं. कॉलेजातली मी गावातल्या मला ताट नीट धर म्हणून सांगत होते. मावशी हसून हसून उठून गेली. मला रडू यायच्या बेतात होतं. तेव्हा काका खाली बघून वरण ओतत म्हणाले, 'रडायचं काय त्यात? दोन्ही तुला छान येतात, पोरी. दोन्ही ठेव.' त्यानंतर मला वर्गात बोलताना जरा कमी भीती वाटायला लागली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काका ऑर्केस्ट्रात शिरले ते स्पीकर उचलायला. पेणजवळच्या एका गावात कार्यक्रम ऐन रंगात असताना जनरेटर बंद पडला. दिवे गेले, माइक गेले, लोक शिट्ट्या मारायला लागले. स्पीकरवर बसलेल्या काकांनी अंधारातच, माइकशिवाय, एका बड्या नटाच्या आवाजात जनरेटरवाल्याला झापायला सुरुवात केली. लोकांना वाटलं खरंच कोणीतरी आलं आहे. 'जनरेटर बंद पडला आणि माझं करिअर चालू झालं,' हे वाक्य काका इतक्या वेळा म्हणतात की आमच्याकडे लाइट गेली की मावशी आधी मेणबत्ती शोधत नाही, आधी म्हणते, 'बोला आता, बोलून टाका.'

पण या सगळ्या भरलेल्या दुकानात एक फळी रिकामी होती. एक नट असा आहे, उंच, की त्याचा आवाज आला नाही तर लोक मिमिक्रीवाल्याला मिमिक्रीवाला समजतच नाहीत. बारशाला गेले तरी काकांना पहिली फर्माइश त्याचीच व्हायची. काका मान हलवायचे आणि दुकानदार सांगतो तसं सांगायचे, 'तो माल आम्ही ठेवत नाही.' लोक म्हणायचे, येत नसेल. माझे बाबासुद्धा एकदा म्हणाले, की तुझ्या काकांना सगळे येतात, तेवढा मोठा येत नाय. काका तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी पापडाचा तुकडा मोडला. मोबाइलच्या एका नव्या दुकानाने उद्घाटनाच्या जाहिरातीसाठी तोच आवाज मागितला होता आणि बाकी काही नको म्हणून सांगितलं होतं. काकांनी त्यांना परत पाठवलं. मावशी त्या दिवशी त्यांच्याशी भांडलीच, पण भांडताना मध्येच थांबली, जणू काही आठवलं. मला ते थांबणं कळलं नव्हतं.

ते कळलं या वर्षी. कॉलेजात सरांनी आम्हाला काम दिलं, की एकाच धंद्यातल्या दोन जुन्या माणसांना एकत्र बसवून त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं आणि शब्दन् शब्द लिहून काढायचं. वर्गातल्या कोणी दोन फोटोग्राफर शोधले, कोणी दोन शिंपी. माझ्याकडे एक माणूस घरातच होता. दुसरा कुठून आणायचा, असं मी मावशीला विचारलं. आम्ही दोघी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होतो. मावशीने आधी मागच्या खोलीकडे बघितलं. काका गोधडीखाली होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, 'दुसरा हाय की. विचुंब्याला हाय.'

तिने सांगितलं ते असं. काका एकटे नव्हते, त्यांची जोडी होती. दोघं स्टेजवर एकत्र यायचे, आणि जोडी झाली त्या दिवशी त्यांनी पेटीवर हात ठेवून नट वाटून घेतले होते, भावाभावांनी शेत वाटून घ्यावं तसे. खलनायक, दुःखी नायक आणि सगळ्या आया काकांच्या. उंच नट जोडीदाराचा. एकाच्या वाट्याचा आवाज दुसऱ्याने करायचा नाही, अगदी घरी गंमत म्हणूनसुद्धा. त्या धंद्यात ही रीतच होती. मग उरणकडे एका हळदीचा कार्यक्रम होता. जोडीदार आईला डॉक्टरकडे नेऊन परस्पर येणार होता, तो वेळेवर आला नाही. लोकांनी उंच नटाचा घोष लावला, खुर्च्या वाजवायला सुरुवात केली. ऑर्केस्ट्राचा मालक काकांना म्हणाला, कर नाहीतर खाली उतर आणि पुन्हा चढू नको. काकांनी केला. असा केला, की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तसे त्या आवाजाला ते त्याआधी कधी उभे राहिले नव्हते. आणि मग कोणीतरी काकांना सांगितलं, की तुझा जोडीदार आला होता, मांडवाच्या मागे उभा होता, आणि निघून गेला. तो ऑर्केस्ट्रात परत आला नाही. वर्षभरात काकांनीही ऑर्केस्ट्रा सोडला आणि कारखान्यात लागले. उंच नटाचा आवाज त्यानंतर त्यांनी केला नाही. 'तो आता विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगीत पोराकडं राहतो,' मावशी म्हणाली. 'इथून शेअर रिक्षा जाते. तीस वर्षं झाली. आमी दोघांना सांगून थकलो, मग सांगायचं सोडलं.'

माझा प्रोजेक्ट व्हावा म्हणून मी त्यांच्यामध्ये पडावं की नाही, हे मला कळेना. पण मी विचारलं. काका तीन दिवस नाही म्हणाले. पहिल्या दिवशी खलनायकाच्या आवाजात, दुसऱ्या दिवशी आईच्या आवाजात खोकत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'तो तयार आहे का ते विचार. नसणार.' मी फोन केला. जोडीदाराच्या सूनबाईंनी उचलला. बाबा फोनवर बोलत नाहीत, पण या म्हणतायत, एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, रागामुळे बोलत नसतील. काकांनाही तेच वाटलं, आणि त्यांनी न्हाणीघरात माफीची तालीम सुरू केली. मी आणि मावशी बाहेरून ऐकत होतो. खलनायकाने मागितलेली माफी धमकीसारखी वाटत होती. दुःखी नायकाने मागितली तेव्हा असं वाटलं, की चूक समोरच्याचीच असावी. शेवटी आई आली आणि तिने इतकं रडून मागितली की मावशीने दार वाजवलं, 'ओ, बास करा. त्याला पण काय बोलायला ठेवा.'

रविवारी दुपारी आम्ही निघालो. मावशीने बिरड्याचा डबा दिला होता, तो काकांनी मांडीवर धरला. नदीवरचा पूल ओलांडताना ते म्हणाले, 'चुकून पत्ता दुसराच निघाला तर बरं.' पत्ता बरोबर होता. सातवा मजला. लिफ्टमध्ये त्यांनी मफलर दोनदा सोडून बांधला. दार जोडीदारांनी स्वतः उघडलं. मोठे, रुंद खांद्यांचे गृहस्थ, गळ्याला पातळ पंचा. काकांनी घसा साफ केला आणि पाठ केलेलं म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात जोडीदारांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग अगदी जवळ येऊन काहीतरी बोलले. वाऱ्याने कागद हलावा एवढाच आवाज झाला. सूनबाई म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता एवढंच येतं. काका उभेच होते. डबा त्यांच्या हातात तिरका झाला होता. तो मी घेतला.

जोडीदारांनीच मला खूण केली, की मशीन लाव. मी मोबाइल टीपॉयवर ठेवला आणि वहीतला पहिला प्रश्न वाचला, की तुम्ही नकला करायला सुरुवात कशी केली. ते बोलले. मोबाइलमध्ये काहीच येत नव्हतं, मी ऐकून बघितलं. मला ओशाळल्यासारखं झालं. शेवटी मी काकांना म्हटलं, ते बोलतील ते तुम्ही मोठ्याने सांगाल का. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काका सोफ्यावर सरकून त्यांच्या बाजूला बसले, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन.

मग खूप मजा आली, खरंच. शाळेत गैरहजर मुलांची हजेरी लावता लावता आवाज बदलायला शिकलो, असं जोडीदारांनी सांगितलं. काकांनी ते मोठ्याने म्हटलं आणि वर 'खोटं आहे, हा शाळेतच जायचा नाही' असं स्वतःचं जोडलं. जोडीदारांनी त्यांना कोपराने ढोसलं. कुठल्या गावात कोणी त्यांना खरे नट समजून सह्या मागितल्या आणि यांनी खरंच दिल्या. कुठल्या मांडवात नवरदेव स्टेजवर चढून म्हणाला, की मीच जास्त चांगला करतो, आणि खरंच जास्त चांगला केला. सांगता सांगता काकांच्या बोलण्यात 'हाय' आणि 'नाय' यायला लागलं, कारण जोडीदार तसं बोलत होते. मी भराभर प्रश्न विचारत गेले, आणि न बघता वहीतला पुढचा वाचला, की मग तुम्ही हे काम का सोडलंत. वाचल्यावर माझ्या लक्षात आलं.

जोडीदार बराच वेळ कुजबुजले. काका ऐकत होते. मी म्हटलं, काका, राहू दे. ते म्हणाले, 'नाही. याचं बोलणं मोबाइलमध्ये यायला पाहिजे.' आणि समोर बघत एकेक वाक्य सांगू लागले.

'मी मागे उभा होतो. आचाऱ्याच्या चुलीजवळ. हातात आईच्या औषधांची पिशवी होती. हा स्टेजवर होता.' 'हा' म्हणताना काकांनी स्वतःकडे बोट केलं, कारण जोडीदारांनी तसं केलं होतं. 'मला राग नव्हता आला. मी हसत होतो. आचारी पण हसत होता. हसता हसता कळलं, की हा माझ्यापेक्षा चांगला करतो. मग हसायचं थांबलं.' काका थांबले. जोडीदारांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली, पुढे बोल. 'वाटलं, दुसऱ्या दिवशी हा येईल. आला नाय. मग ठरवलं, मी पण जायचा नाय. राग आला तो नंतर. मग पोर्टात नोकरी लागली, पोरं झाली आणि रागाची सवय झाली. सवय मोडायला कोणाला वेळ हाय?'

इथपर्यंत जोडीदाराचं बोलणं होतं. पुढचं वाक्य काका स्वतःचं बोलले, आणि ते कोणाच्याच आवाजात नव्हतं, म्हणून मला आधी ते बोलतायत हेच कळलं नाही. 'मी आलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत. दोनदा.'

जोडीदारांनी भुवया उंचावल्या. मग?

'मग काय. कुठल्या आवाजात बोलू ते कळेना. परत गेलो.'

जोडीदारांनी गळ्यावरचा पंचा चाळवला. मग त्यांनी दोन शब्द म्हटले, ते मलाही ऐकू आले, 'कर तो.'

काका लगेच म्हणाले, 'नाही. तो तुझा आहे.'

जोडीदारांनी पुन्हा त्यांचा कान जवळ ओढला. काकांनी ते मोठ्याने सांगितलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा सांगितलं. जोडीदार म्हणाले होते, 'माझ्याकडं बसून बसून कंटाळला तो बिचारा. त्याला कोणीतरी काम द्या.'

काका उठले. मफलर काढून सोफ्यावर ठेवला. मी त्यांना तीन वर्षांत मफलरशिवाय बोलताना पाहिलं नव्हतं. एक खांदा थोडा खाली सोडला, कानामागे खाजवलं आणि उंच नट दारातून आत आला. त्याची तक्रार होती, की एवढा उंच माणूस मी, खाली रस्त्यावर उभा राहून सातव्या मजल्याची बेल वाजवतो, आणि तुमी म्हणता लिफ्टने या. पण मला वाटलं, काकांना खरंच येत नाही. तो नट आमच्या गावच्या माणसासारखा बोलत होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाकातून छोटासा श्वास घेत होता, मध्येच 'हाय ना' म्हणत होता, एक शब्द तर अडखळून दोनदा म्हटला. मला काकांसाठी वाईट वाटलं. मी मान वळवली, तर स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई हातात चमचा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'हा बाबांचा आवाज आहे.'

तेव्हा मला कळलं. काका त्या नटाची नक्कल करत नव्हतेच. ते आपल्या जोडीदाराची करत होते, तीस वर्षांपूर्वीचा तो जसा उंच नट करायचा तशी, त्याच्या खांद्यासकट, श्वासासकट, अडखळण्यासकट. ज्या आवाजावर लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते तो काकांनी कुठेतरी ठेवून दिला होता आणि हा जपून ठेवला होता.

जोडीदार हसत होते. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि खांदे इतके हलत होते की सोफा कुरकुरत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी काकांना जवळ बोलावलं आणि काहीतरी विचारलं. काकांनी ते मोबाइलसाठी मोठ्याने सांगितलं, 'विचारतोय, मी एवढा वाईट करायचो का.'

आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, 'नाय रे. तू याच्याहून लय चांगला करायचास. माझ्याकडून एवढाच येतो.'

आता दर रविवारी काका विचुंब्याला जातात. आवाजांची वाटणी पुन्हा झाली आहे का, असं मावशीने विचारलं तर म्हणाले, आता सगळं एकत्र कुटुंब. पण फेरीवाल्यांना तो आवाज ते अजूनही देत नाहीत. तो फक्त सातव्या मजल्यावर होतो.

मी ते सगळं रेकॉर्डिंग लिहून काढलं. मुलाखत लिहिताना जिथे माणसं हसतात तिथे कंसात 'हशा' असा शब्द लिहायचा, असं सरांनी सांगितलं होतं. जोडीदार हसले त्या जागी मी तो लिहिला. सरांनी कानाला लावून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, इथे तर कोणीच हसत नाहीये, नुसतं काहीतरी कुरकुरतंय. मला वर्गासमोर उत्तर द्यायला अजून जमत नाही, पण त्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हटलं, 'सर, हसतायत. मी तिथे होते.'